मजकुरातील पायवाटा

बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेला लागून असलेल्या एका कौलारू घराच्या पडवीत, जिच्या मागल्या अंगास पोफळीची वाडी आहे आणि जिच्या समोरून श्रीवर्धन-म्हसळ्याच्या एस. टी. गाड्यांची ये-जा चालते, तेथे बसून गेली बावीस वर्षे मी लोकांचे कागद टंकून देत आले आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, ग्रामसभेची इतिवृत्ते, देवस्थानांचे जमाखर्च, मुंबईस राहणाऱ्या चाकरमान्यांच्या मंडळांचे वार्षिक अहवाल, आणि मधूनच एखादी लग्नपत्रिका, असा सर्व प्रकारचा मजकूर माझ्या हाताखालून गेला. टंकताना बोटे चालतात ती समोर बसलेल्या माणसाला दिसतात आणि त्यांचे तो कौतुकही करतो. परंतु टंकलेल्या मजकुरात मागे-पुढे जाणे, चुकलेली जागा गाठणे, तेथून पुन्हा कामाच्या जागी परतणे, हा जो दिवसाच्या कामाचा मोठा हिस्सा, तो कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि पुष्कळ वर्षे माझ्याही आला नव्हता. तो ज्या कामामुळे आला त्या कामाची हकिगत लिहून ठेवावी असे फार दिवस मनात होते.

मी टंकलेखन शिकले ते यंत्रावर, शासकीय वाणिज्य प्रमाणपत्राच्या मराठी तीस शब्द प्रतिमिनिट या परीक्षेसाठी. आमच्या वर्गातील यंत्रांवर व्यंजनांची अर्धी रूपे निराळ्या कळांवर आणि काना निराळ्या कळेवर असे. मात्रा, अनुस्वार यांसारख्या चिन्हांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज जागचे हलत नसे, आणि अक्षर हे तुकड्यातुकड्यांनी उभे करावयाचे असते ही समजूत तेथेच बोटांत मुरली. दृष्टी प्रतीवर ठेवावी, कळांकडे पाहू नये, हा त्या यंत्राने लावलेला शिस्तीचा पाठ आजतागायत उपयोगी पडत आला आहे. त्याच यंत्राने आणखी एक समजूत दिली, ती मात्र पुढे प्रयत्नपूर्वक विसरावी लागली. ती ही, की मजकुराला एकच दिशा असते. कागद रुळावर चढला की तो पुढे सरकावयाचा; मागील ओळीतील चूक दुरुस्त करावयाची तर रूळ उलटा फिरवून अदमासाने ती जागा गाठावयाची, आणि एखादा शब्दच गळला असेल तर सबंध पान नव्याने टंकावयाचे. मागे जाणे म्हणजे नुकसान, हे त्या काळी इतके अंगवळणी पडले होते की संगणक आल्यावरही कित्येक वर्षे मी त्यावर यंत्रासारखीच, एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे, सरळ टंकीत जात असे.

संगणक घेतला तेव्हा मराठी मजकूर ज्या फॉन्टांत होत असे त्यांची घडणही यंत्राच्याच धर्तीची होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच, आणि फॉन्ट बदलला की मराठी वाक्याच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रास समोर येई. 'श्रीवर्धन' हा आमच्या तालुक्याचाच शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात चार अक्षरे दिसतात. परंतु त्या फॉन्टात बाणाची कळ दाबीत गेले असता कर्सर 'श्र' आणि त्याची वेलांटी यांच्या मध्ये उभा राही, 'ध' आणि त्याच्या डोक्यावरचा रफार यांच्या मध्ये उभा राही, आणि ह्रस्व वेलांटीच्या शब्दांत तर वेलांटी आधी व व्यंजन मागाहून असा उलटा क्रम लागे. शोध घ्यावा तर त्याहून मोठी पंचाईत. रफार आधी की अनुस्वार आधी, हे ज्याच्या त्याच्या हाताच्या सवयीवर अवलंबून असल्यामुळे डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला दोन वाटत, आणि शोधलेला शब्द पडद्यावर समोर दिसत असूनही 'सापडला नाही' असे उत्तर मिळे. अशा मजकुरात कळांनी फिरणे म्हणजे जोत्यावरून चालताना प्रत्येक दगडाला ठेच लागण्यासारखे होते. म्हणून आम्ही सर्वजण माउस धरून बसलो. माउसला अक्षराशी कर्तव्य नसते. तो पानाकडे चित्र म्हणून पाहतो, आणि आमचा मजकूर त्या वेळी खरोखरच चित्रापलीकडे काही नव्हता.

ही स्थिती पालटली ती युनिकोडमुळे. भारतीय लिप्यांसाठी एक प्रमाण संकेत असावा यासाठी आपल्याकडे प्रयत्न झाले होतेच; पुण्याची सी-डॅक ही संस्था १९८८ साली स्थापन झाली आणि इस्की हा संकेत १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाला. त्याच सुमारास निघालेल्या युनिकोडमध्ये देवनागरी आरंभापासून होती, परंतु सामान्य माणसाच्या विंडोजमध्ये ती विंडोज २००० या आवृत्तीबरोबर आली, आणि तिच्याबरोबर जो मंगल नावाचा फॉन्ट आला तो र. कृ. जोशी या मराठी कवीने आणि सुलेखनकाराने घडविलेला होता. आमच्या गावापर्यंत हे सारे पोहोचावयास आणखी आठ-दहा वर्षे लागली. माझ्यापुरते बोलावयाचे तर मला पस्तिशीत कळफलक नव्याने शिकावा लागला. यंत्राची कळरचना टाकून इन्स्क्रिप्ट घ्यावयाची, म्हणजे डाव्या हाताखाली स्वरचिन्हे, उजव्या हाताखाली व्यंजने, मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट, आणि डाव्या मधल्या बोटाखाली हलन्त. दोन महिने माझी गती इतकी मंदावली की गिऱ्हाइकांना दुसऱ्या दिवशी बोलवावे लागे. परंतु त्या दोन महिन्यांच्या अखेरीस एके दुपारी मी 'स्त्री' हा शब्द टंकला, सहज बाणाची कळ दाबली, आणि कर्सर एका पावलात तो सबंध शब्द ओलांडून पलीकडे गेला.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडी उकलून सांगते. 'स्त्री' टंकताना स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा कळा दाबाव्या लागतात, आणि संगणकाच्या पोटात ते सहा घटकच असतात. तरीही बाणाची कळ त्यांना एक अक्षर मानते आणि मध्ये कोठेही थांबत नाही. शब्दाच्या आधी उभे राहून डिलीट दाबले तर सहाही घटक एकदम जातात. शब्दाच्या नंतर उभे राहून बॅकस्पेस दाबली तर मात्र प्रथम केवळ वेलांटी जाते, मग र, मग हलन्त, जसे चढविले तसे एकेक उतरते. अक्षर पुरते चुकले असेल तर डिलीट, वेलांटीच चुकली असेल तर बॅकस्पेस. दीर्घ-ह्रस्वाच्या दुरुस्त्या ज्याला दिवसाकाठी शेकड्यांनी कराव्या लागतात त्यालाच या भेदाची किंमत कळेल. आपल्या व्याकरणकारांनी अक्षर म्हणून जे मानले ते यंत्राने मानले, हे पाहून मला त्या दुपारी जो आनंद झाला तो आजही आठवतो.

यानंतर काही वर्षांनी, २०१९ च्या पावसाळ्यात, तात्या आपले बाड घेऊन आले. तात्या महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध करावा म्हणून त्यांनी तीस वर्षे माहिती गोळा केली होती. चार जाड वह्या, पत्रांचा गठ्ठा, संस्थानी काळातील मोडी कागदांच्या त्यांनी स्वतः बालबोधीत उतरविलेल्या नकला (आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, त्यामुळे जुने कागद तेथल्या दफ्तराच्या वळणाचे), आणि एक तबकडी, जिच्यात पहिला एक-तृतीयांश हिस्सा पंधरा वर्षांपूर्वी मुंबईस कोणाकडून तरी जुन्या फॉन्टात टंकवून घेतलेला होता. तो हिस्सा मी रूपांतराच्या प्रोग्रॅममधून युनिकोडमध्ये उतरवून घेतला आणि उरलेला स्वतः टंकण्यास घेतला.

कुलवृत्तान्त हे पुस्तक इतर पुस्तकांसारखे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाढत नाही. एक माणूस त्यात तीन-चार ठिकाणी असतो: बापाच्या नोंदीत पुत्र म्हणून, स्वतःच्या नोंदीत कर्ता म्हणून, दत्तक गेला असेल तर दुसऱ्या शाखेत, आणि शेवटी वंशवृक्षात. नाशिकहून वा बडोद्याहून एखाद्या आप्ताचे पत्र येई की आजोबांचे जन्मवर्ष चुकले आहे, आणि ते एक वर्ष चार जागी दुरुस्त करावे लागे. तात्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि विचारीत, "बाय, हा गृहस्थ आणखी कुठे कुठे आलाय, दाखव बघू." मी माउसने उजवीकडची पट्टी ओढी, साडेतीनशे पानांच्या फाइलीत ती पट्टी तिळभर हलली तरी दहा पाने उडत, आणि जागा सापडेपर्यंत आपण कोठून निघालो होतो हे दोघेही विसरून गेलेले असू. दिवाळीपर्यंत माझे उजवे मनगट सुजले. डॉक्टरांनी माउस बंद करावयास सांगितला, आणि काम तर घेतलेले होते.

तेव्हा मी, ज्या वर्ड या प्रोग्रॅममध्ये काम करीत होते त्याच्या कळा एका कागदावर लिहून, तो पडद्याशेजारी भिंतीला डकविला आणि आठवड्यास एक या हिशेबाने त्या बोटांत बसविल्या. एकदम सर्व शिकू पाहणाऱ्याला त्यांतली एकही येत नाही, हा माझा अनुभव आहे. ज्या कळेची गरज त्या आठवड्यात पडते तीच टिकते. होम दाबले की ओळीच्या आरंभी, एंड दाबले की अखेरीस. कंट्रोल धरून तीच कळ दाबली की सबंध मजकुराच्या आरंभी वा अखेरीस. कंट्रोल धरून आडवा बाण दाबला की एकेक अक्षर न चालता एकेक शब्द ओलांडता येतो. हे सर्वांना थोडेफार ठाऊक असते. मला खरा उलगडा झाला तो कंट्रोल धरून खालचा बाण दाबल्यावर. त्या कळेने कर्सर एका परिच्छेदाच्या आरंभाहून पुढल्या परिच्छेदाच्या आरंभी जातो. आणि तात्यांच्या वहीत तर एका माणसाची नोंद हाच एक परिच्छेद होता! म्हणजे एका कळेला एक माणूस. बाप, थोरला मुलगा, मधला, धाकटा, मग थोरल्याची मुले, अशी एका घराण्याची दीडशे वर्षे मी कंट्रोल न सोडता, बाणाच्या मजल-दरमजलीने चालून गेले आणि तात्या शेजारी बसून प्रत्येक थांब्यावर नाव वाचीत गेले. एके ठिकाणी ते म्हणाले, "थांब. हा याचा थोरला. खाली कसा पडला?" आल्ट आणि शिफ्ट एकत्र धरून मी वरचा बाण दाबला, आणि ती नोंद जशीच्या तशी उचलली जाऊन धाकट्याच्या वर जाऊन बसली. कापणे नाही, डकविणे नाही. तात्या काही वेळ पडद्याकडे पाहत राहिले, आणि मग, ज्या माणसाने उभी हयात खाडाखोडीवर सही घेण्यात घालविली त्याने, ती कृती पुन्हा एकदा करून दाखविण्यास सांगितले.

त्या दिवसापासून मी मजकुराकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागले. पूर्वी मथळा म्हणजे जाड आणि मोठी अक्षरे, एवढेच मला ठाऊक होते. आता मी आल्ट-कंट्रोल धरून एक, दोन, तीन या आकड्यांनी मथळ्यांच्या पायऱ्या लावल्या: एक म्हणजे शाखा, दोन म्हणजे पिढी, तीन म्हणजे कुटुंब. असे केले की वर्डला मजकुराची रचना कळते. कडेच्या पट्टीत सर्व शाखा-पिढ्यांची यादी उभी राहते, आणि रूपरेषेच्या दृश्यात जाऊन हव्या त्या पायरीपर्यंतचेच मथळे ठेवून बाकी मजकूर मिटून ठेवता येतो. वंशवृक्ष आम्ही वेगळा काढणार होतो. तो मजकुरातच दडलेला निघाला. कळांनी फिरावयाचे तर मजकुराला शब्द, परिच्छेद, मथळा अशी अवयवांची बांधणी असावी लागते, आणि जेथे ती नाही तेथे कळ अडते; एंटर दोन-दोनदा मारून सोडलेली जागा, स्पेस मारून सरकविलेला मथळा, असल्या सैल सवयी त्यामुळे आपोआप गेल्या. टंकलेखनाच्या वर्गांतून आजही मुख्य भर गतीवरच असतो, ही मला मोठी उणीव वाटते. चाळीस शब्दांच्या गतीने टंकणारी मुले मी माझ्या पडवीत पाहिली आहेत, जी एका चुकीच्या वेलांटीसाठी हात कळफलकावरून उचलतात, माउस शोधतात, नेम धरतात, चुकतात, आणि पुन्हा नेम धरतात.

सर्वांत अधिक उपकार मात्र एका अशा कळेचे आहेत जिचे नाव मी फारसे कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. एफ-५ ने पानाचा क्रमांक देऊन त्या पानावर जाता येते हे अनेकांना माहीत असते. शिफ्ट धरून एफ-५ दाबले तर वर्ड आपल्याला आपण शेवटची दुरुस्ती जेथे केली तेथे परत नेतो, पुन्हा दाबले की त्याच्या आधीच्या जागी, आणि अशा मागील तीन जागा तो लक्षात ठेवतो. पान दोनशे बारावर काम चालू असताना तात्यांना पान चाळीसवरची शंका येई, तेथे जाऊन दुरुस्ती करावी तोच फोन येऊन वंशवृक्षातले एखादे नाव बदलावे लागे. आणि तरीही त्या एका कळेने मी पुन्हा दोनशे बारावर त्याच अर्धवट वाक्याशी येऊन उभी राहत असे. घरात एकट्या बाईने काम करावयाचे म्हणजे दारावर कोळीण येते, शेजारणीचे पोर येते, तव्यावरची भाकरी असते; परत येण्याची जागा कोणी राखून ठेवली आहे याचा जो दिलासा त्या कळेने दिला तो माझ्या दृष्टीने अमोल आहे.

या कळा कोणी योजल्या याचा शोध मी पुढे घेतला. वर्डस्टार नावाचा प्रोग्रॅम १९७८ साली निघाला तेव्हा अनेक कळफलकांवर बाणांच्या कळाच नव्हत्या. म्हणून त्याच्या कर्त्यांनी कंट्रोलबरोबर ई, एस, डी, एक्स या डाव्या हाताखालच्या चार कळांना वर, डावीकडे, उजवीकडे, खाली असे अर्थ दिले. कापणे, नक्कल करणे आणि डकविणे ही रीत १९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसविली. कात्री आणि गोंद घेऊन हस्तलिखित जुळविणाऱ्या संपादकांचे काम त्यांच्या डोळ्यांपुढे होते. टेस्लर १६ फेब्रुवारी २०२० रोजी वारले. ते वृत्त मी वाचले तेव्हा तात्यांच्या तिसऱ्या वहीवर काम चालले होते, आणि ज्या माणसाचे नाव मला आदल्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हते त्याच्याविषयी मला गुरूविषयी वाटावी तशी कृतज्ञता वाटली.

त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन आणि दिवेआगर यांच्या आसपासच ते जमिनीवर चढले, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा भर दुपारी सुटला आणि सायंकाळी आम्ही बाहेर आलो तेव्हा मागच्या वाडीतून थेट आकाश दिसत होते. पोफळी मुळापासून उपटलेल्या नव्हत्या, मधोमध मोडलेल्या होत्या. ज्यांनी ती झाडे लावली ते हयात नव्हते, आणि आता लावली तर फळ धरावयास वर्षे जाणार. पडवीची कौले गेली. संगणक आधीच गोधडीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवला होता म्हणून वाचला, माउस मात्र पावसात भिजून निकामी झाला. वीज कित्येक आठवडे आली नाही.

चौथ्या दिवसापासून लोक येऊ लागले. घराची पडझड, वाडीचे नुकसान, पंचनामा व्हावा म्हणून विनंती. अर्ज सर्वांचा सारखाच, नाव, गट क्रमांक, झाडांची संख्या तेवढी वेगळी. शेजारच्या दुकानदाराचा जनरेटर सायंकाळी तासभर चाले, तेवढ्यात लॅपटॉप चार्ज करावयाचा आणि छपाईही उरकावयाची. मी एक नमुना तयार केला आणि जेथे-जेथे रिकामी जागा भरावयाची तेथे दोन चौकड्यांची खूण टाकली. ती खूण एकदा शोधली की पुढे शिफ्ट धरून एफ-४ दाबले असता कर्सर पुढल्या खुणेवर जातो आणि ती खूण निवडलेली असते. वरून टंकले की खूण जाऊन मजकूर बसतो. नाव, शिफ्ट-एफ-४, गाव, शिफ्ट-एफ-४, गट क्रमांक, शिफ्ट-एफ-४, नारळ किती, पोफळी किती. समोर उभा असलेला माणूस झाडांचा आकडा सांगताना थांबे, एखादे वेळी त्याचा आवाज फुटे, आणि माझे डोळे त्याच्या चेहऱ्यावर असत, कारण कळांकडे किंवा पडद्यावर बाण शोधीत पाहण्याची मला गरज उरली नव्हती. त्या जून महिन्यात मी किती अर्ज केले याची मोजदाद ठेवली नाही. पैसे कोणाकडून घेतले नाहीत.

ऑगस्टात वीज स्थिर झाली आणि कुलवृत्तान्ताची रुजुवात सुरू झाली. रुजुवात हा तात्यांच्या नोकरीतला शब्द: एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावयाचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवावयाचे. तात्या वहीतून वाचीत आणि मी कंट्रोल धरून आडव्या बाणाने, त्यांच्या प्रत्येक शब्दाला एक, अशी पुढे सरके. वाचणे आणि कर्सर एका तालात चालले की गळलेला शब्द क्षणात पकडता येतो. अशा त्या रुजुवातीत एक चूक सापडली जिच्या आठवणीने अजून माझ्या अंगावर काटा येतो. ज्यांची लग्ने दोनदा झाली त्यांच्या नोंदींत 'दुसऱ्या पत्नी' असे शब्द होते, आणि तात्यांच्या इच्छेनुसार त्या सर्व नोंदींत दोन्ही पत्नींची माहेरची नावे आहेत की नाहीत हे तपासावयाचे होते. मी 'दुसऱ्या' हा शब्द शोधला, जेथे-जेथे सापडला तेथे नावे भरली, आणि ते काम संपले असे तात्यांना सांगून टाकले. रुजुवातीच्या वेळी पहिल्या वहीत आणखी अकरा जागी तोच शब्द निघाला. डोळ्यांना तंतोतंत तोच.

कारण शोधण्यास एक रात्र गेली. हा आपल्या मराठीचा अर्धा र, जो 'दुसऱ्या'त आणि 'ऱ्हासा'त असतो, तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एका रीतीत खाली टिंब असलेला र, हलन्त आणि पुढले व्यंजन, दुसरीत साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि पुढले व्यंजन. मी पहिल्या रीतीने टंकीत होते. जुन्या फॉन्टातून उतरविलेल्या हिश्शात रूपांतराच्या प्रोग्रॅमने दुसरी वापरली होती. 'ॲडव्होकेट'मधील ॲ याचीही तीच गत. अकरा स्त्रियांची माहेरे त्या एका न दिसणाऱ्या चिन्हापायी पुस्तकाबाहेर राहणार होती, आणि त्यांतील बहुतेकींचे नाव अन्य कोठल्याही कागदावर नव्हते. मी 'बदला' ही आज्ञा देऊन सबंध मजकुरातील दुसरी रीत पहिलीत आणली, पुन्हा शोध घेतला, आणि प्रत्येक जागी थांबून तात्यांना नाव विचारले. अकरापैकी नऊ नावे त्यांच्या वहीत होती. दोन कोणालाही सांगता आली नाहीत; त्या नोंदींत तशी टीप घातली आहे.

कुलवृत्तान्त २०२१ च्या अखेरीस छापून आला. तात्या आता थकले आहेत, परंतु पुरवणीचे कागद पाठवितात. माझे मनगट बरे आहे. छायाचित्रे बसविताना आणि तक्ते ओढताना मी माउस घेते, तेथे तोच योग्य आहे, एरवी तो खणात असतो.

आमच्या शेजारी दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, मराठी ताम्रपट सापडला, आणि तो आज वाचता येतो, कारण अक्षरे तांब्यात कोरलेली आहेत. वीस वर्षांपूर्वी जुन्या फॉन्टांत टंकलेले कुलवृत्तान्त, मंडळांच्या स्मरणिका, शाळांचे इतिहास आजच्या संगणकावर उघडले तर वाचता येत नाहीत. असे काही आपल्या कपाटात तबकडीवर किंवा पेनड्राइव्हवर पडून असेल तर ते यंदाच युनिकोडमध्ये उतरवून घ्या, आणि देताना फाइलीसोबत तो फॉन्टही द्या. उतरवून झाल्यावर टंकणाऱ्याला अर्ध्या र च्या दोन्ही रीती एक करून मागा, मथळ्यांना पायऱ्या लावून मागा, आणि कोणी शेजारी बसून सबंध मजकुराची रुजुवात करा. मूळ हस्तलिखित मात्र टाकून देऊ नका. रुजुवात त्याच्याशीच करावी लागते.